कॅमेरा संगणकाला जोडून फोटो काढणे: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कॅमेरा केबलने संगणकाला जोडायचा, मोठ्या पडद्यावर चौकट पाहायची, संगणकावरूनच शटर उघडायचे आणि निघालेला फोटो थेट फोल्डरमध्ये उतरवायचा, या पद्धतीला छायाचित्रकार ‘टेदरिंग’ म्हणतात. वस्तूंचे, जुन्या कागदपत्रांचे किंवा अगदी जवळून टिपायच्या बारीक गोष्टींचे फोटो काढणाऱ्यांना ती फार सोयीची पडते; तरीही पहिल्याच प्रयत्नात ती जमली असे सांगणारे थोडेच भेटतात. बहुतेक जण आधी केबल खोचतात, संगणकावर फोटोंची यादी दाखवणारी एक खिडकी आपोआप उघडते आणि ज्या सॉफ्टवेअरसाठी हा सगळा खटाटोप मांडला, ते मात्र ‘कॅमेरा सापडला नाही’ असे सांगत बसते. मग केबलला दोष दिला जातो, त्यानंतर कॅमेऱ्याला, आणि शेवटी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यात संध्याकाळ जाते.

खरे दुखणे बहुधा यांपैकी कशातच नसते. कॅमेरा एका वेळी एकाच प्रोग्रामशी बोलतो, आणि तो कोणाशी बोलणार हे केबल लावण्याआधी ठरलेले असावे लागते. ते ठरवायचे राहून गेले की जो प्रोग्राम आधी पोहोचेल तो कॅमेरा बळकावतो. म्हणूनच या लेखात केबल थेट सहाव्या टप्प्यावर लागते. आधीचे पाच टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण ते एकदाच नीट केले की पुढच्या वेळी पाच मिनिटांत काम सुरू होते.

१. कॅमेरा आणि सॉफ्टवेअर यांची जोडी तपासणे

कॅमेऱ्याला यूएसबीचे तोंड आहे, एवढ्यावरून तो संगणकावरून चालवता येईल असे मानू नये. काही कॅमेरे संगणकाला जोडल्यावर निव्वळ मेमरी कार्डासारखे वागतात, काही फोटो पाठवू शकतात पण आज्ञा घेत नाहीत, आणि काहींचे शटर, ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) असे सारे संगणकावरून बदलता येते. आपला कॅमेरा कोणत्या प्रकारात बसतो हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी दिलेल्या मॉडेलांच्या यादीत पाहावे. मालिकेचे नाव जुळले म्हणून समाधान मानू नये. मॉडेलचे पूर्ण नाव अक्षरा-अंकासह जुळले पाहिजे.

कॅननसाठी ईओएस युटिलिटी, निकॉनसाठी एनएक्स टेदर, सोनीसाठी इमेजिंग एज डेस्कटॉप आणि पॅनासोनिकसाठी लुमिक्स टेदर ही त्या-त्या कंपनीची विनामूल्य सॉफ्टवेअर आहेत. कॅप्चर वन आणि लाइटरूम क्लासिक ही पैसे मोजून घ्यायची. त्यांत फोटो उतरताच त्यावर रंगसंस्कार करता येतात. विंडोजवर डिजीकॅमकंट्रोल हे मुक्त सॉफ्टवेअर मिळते, तर लिनक्सवर एंटँगल आणि डार्कटेबल यांनी काम भागते आणि हे दोन्ही लिबजीफोटो-२ या तयार कोडच्या मुक्त संग्रहाच्या आधाराने कॅमेऱ्याशी बोलतात.

माझा सल्ला असा की, पुढे कोणतेही सॉफ्टवेअर वापरायचे असले तरी पहिल्या दिवशी जोडणी कंपनीच्याच सॉफ्टवेअरने करून पाहावी. तिथे कॅमेरा दिसला की केबल, पोर्ट आणि कॅमेऱ्याचा मेनू हे तिन्ही बरोबर आहेत हे कळते, आणि नंतर अडचण आलीच तर ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये आहे असे म्हणता येते.

इशारा: विंडोजवर लिबजीफोटोच्या आधाराने चालणारी काही सॉफ्टवेअर कॅमेऱ्याचा ड्रायव्हर (संगणकाला उपकरणाशी बोलू देणारा छोटा प्रोग्राम) बदलायला सांगतात आणि त्यासाठी झॅडिग नावाचे साधन सुचवतात. एकदा तो ड्रायव्हर बदलला की कंपनीच्या सॉफ्टवेअरला आणि खुद्द विंडोजलाही तो कॅमेरा नेहमीसारखा दिसेनासा होतो. दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरायची असतील तर या वाटेला जाऊ नये. गेलात तर डिव्हाइस मॅनेजरमधून मूळ ड्रायव्हर परत कसा आणायचा हे आधी शिकून घ्यावे.

२. बाकीचे प्रोग्राम गप्प करणे

सर्वांत जास्त लोक अडकतात ते याच टप्प्यावर, आणि नेमका हाच टप्पा कोणी करत नाही.

मॅकवर कॅमेरा जोडताच ‘फोटोज’ किंवा ‘इमेज कॅप्चर’ उघडण्याची सोय असते. इमेज कॅप्चरमध्ये जोडलेला कॅमेरा निवडला की (एवढ्यासाठी तो एकदा जोडून पुन्हा काढावा लागतो) खालच्या कोपऱ्यात ‘हा जोडल्यावर काय उघडावे’ असा पर्याय असतो. तिथे ‘कोणताही प्रोग्राम नाही’ असे निवडावे. तरीही पडद्यामागे पीटीपीकॅमेराडी नावाची एक प्रक्रिया कॅमेरा धरून ठेवू शकते. लिबजीफोटोवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने ‘यूएसबी उपकरणाचा ताबा मिळाला नाही’ अशी तक्रार केली तर ती बहुधा या प्रक्रियेमुळे असते. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ती शोधून बंद करावी, आणि ती पुन्हा उठण्याआधी आपले सॉफ्टवेअर कॅमेऱ्याशी जोडून घ्यावे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये, मॅकओएस १३ पासून पुढे, नवे उपकरण जोडल्यावर ‘या उपकरणाला परवानगी द्यायची का’ असा प्रश्न येतो. घाईत तो नाकारला गेला की कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होत राहते, पण माहितीची देवाणघेवाण होत नाही.

विंडोजवर ऑटोप्लेमध्ये कॅमेऱ्यासाठी ‘काहीही करू नये’ हा पर्याय ठेवावा. पॉवर प्लॅनच्या प्रगत पर्यायांत ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ अशी ओळ असते, ती बंद करावी. नाही तर दहा मिनिटे मांडणी बदलण्यात गेली की संगणक पोर्टला झोपवतो. लिनक्सवर डेस्कटॉप स्वतःच कॅमेरा ड्राइव्हसारखा उघडून ठेवतो. फाइल व्यवस्थापकात तो ‘अनमाउंट’ केल्याशिवाय दुसऱ्या प्रोग्रामला मिळत नाही.

यांखेरीज व्हिडिओ कॉलसाठी कॅमेऱ्याचा वेबकॅम करणारी उपयोगिका आणि दुसरे कोणतेही टेदरिंग सॉफ्टवेअर चालू नाही, याची खात्री करावी. खिडकी बंद करणे पुरेसे नसते. यांतली काही सॉफ्टवेअर खिडकी मिटल्यावरही मागे जागीच राहतात आणि तिथून कॅमेऱ्याची वाट पाहत असतात. एकदा माझा जवळजवळ एक तास केवळ अशा एका वेबकॅम उपयोगिकेने खाल्ला होता. घड्याळाशेजारच्या बारीक चिन्हांमध्ये ती लपलेली होती, आणि मी तीन केबली बदलून झाल्या तरी तिकडे पाहिले नव्हते.

तपासणी: कॅमेरा न जोडता संगणक एकदा बंद करून चालू करावा आणि चालू प्रोग्रामांच्या यादीत कॅमेऱ्याशी संबंधित काही आपोआप सुरू झाले आहे का, ते पाहावे. जे दिसेल ते सुरुवातीच्या यादीतून काढून टाकावे.

३. केबल आणि पोर्ट

केबल दिसायला सारख्या असतात आणि वागायला नाही. काही केबल फक्त वीज वाहतात. त्यांतून कॅमेरा चार्ज होतो, पण संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. यूएसबी-सी तोंडाच्या पुष्कळ केबल, विशेषतः फोनसोबत येणाऱ्या, माहिती नेतात पण यूएसबी २.० च्या वेगानेच. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० चा ५ गिगाबिट. ३० मेगाबाइटची एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल म्हणजे २४० मेगाबिट. कागदावरचा वेग प्रत्यक्षात कधीच पूर्ण मिळत नाही, त्यामुळे यूएसबी २.० वर अशा एका फाइलला साधारण एक सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. एकेक फोटो विचारपूर्वक काढणाऱ्याला हा वेळ जाणवणारही नाही, पण सलग दहा फोटो काढणाऱ्याला तो नक्की जाणवेल.

लांबीचा प्रश्न याहून कळीचा आहे. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंत भरवशाने चालते. यूएसबी ३ च्या वेगासाठी ३ मीटरच्या आसपास थांबावे. त्यापुढे जायचे तर मध्ये सिग्नलला बळ देणारी ‘ॲक्टिव्ह’ केबल घ्यावी. दोन साध्या केबल एकमेकींना जोडून लांबी वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण ती जोडणी चालू होते, चाचणीत दोन-चार फोटोही येतात, आणि ऐन कामाच्या मध्यावर एखादी फाइल अर्धी उतरून सगळे थिजते.

केबल संगणकाच्या स्वतःच्या पोर्टला लावावी. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या छोट्या हबला (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या जोडपेटीला) वीज पुरत नाही, आणि त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क असेल तर फोटो हबमधूनच येतात आणि हबमधूनच डिस्ककडे जातात.

कॅमेऱ्याकडच्या टोकाला आधार हवा. मायक्रो-यूएसबीचे तोंड, विशेषतः यूएसबी ३ चे रुंद मायक्रो-बी, फार नाजूक असते. ट्रायपॉड किंचित वळवला आणि केबल ताणली गेली की प्लग बाहेर येत नाही, नुसता तिरका होतो. बाहेरून तो बसलेलाच दिसतो आणि जोडणी मात्र गेलेली असते. म्हणून केबलचा एक सैल वेढा ट्रायपॉडच्या पायाला पट्टीने बांधावा किंवा कॅमेऱ्याखाली बसणारा केबल-धारक वापरावा. ओढ बसली तर ती पट्टीला बसावी, तोंडाला नाही.

तपासणी: सहाव्या टप्प्यावर केबल लावून वेढा बांधल्यावर ट्रायपॉडचे डोके डावीकडे, उजवीकडे आणि खाली पूर्ण फिरवून पाहावे. कोणत्याही दिशेला प्लगवर ताण येत असेल तर वेढा मोठा करावा.

४. वीज

लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पडद्यावर दिसणारी चालती चौकट, सतत चालू असला की सेन्सर आणि प्रक्रिया करणारी चिप दोन्ही जागी राहतात, त्यामुळे बॅटरी नेहमीपेक्षा फार लवकर उतरते आणि कॅमेरा तापतो. पूर्ण भरलेली बॅटरी, आणि दुसरी हाताशी, एवढे किमान हवे. दिवसभराचे काम असेल तर बॅटरीच्या जागी बसणारा आणि भिंतीतल्या विजेवर चालणारा अडॅप्टर घेणे शहाणपणाचे.

काही नवे कॅमेरे यूएसबीतूनच संगणकाची वीज घेतात. लॅपटॉप स्वतः चार्जरवर असेल तर ही सोय चांगली. नसेल तर लॅपटॉपची बॅटरी दोघांना पुरवता पुरवता संपते. अशा वेळी कॅमेऱ्याच्या मेनूतील ‘यूएसबी पॉवर सप्लाय’ किंवा तत्सम पर्याय बंद ठेवावा.

५. कॅमेऱ्याचा मेनू

हा टप्पाही केबल न लावता करायचा. केबल लावल्यावर अनेक कॅमेऱ्यांचे काही मेनू बंद होतात आणि मग हवा तो पर्याय करड्या रंगात दिसत राहतो.

यूएसबी जोडणीचा प्रकार सर्वांत आधी बदलावा. सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो ‘पीसी रिमोट’ असा हवा. ‘मास स्टोरेज’ ठेवला तर कॅमेरा कार्ड म्हणून उघडतो आणि शटर चालत नाही. पॅनासोनिकमध्ये ‘पीसी टेदर’ निवडावे. फुजीफिल्ममध्ये ‘यूएसबी टेदर शूटिंग’चे ‘ऑटो’ आणि ‘फिक्स्ड’ असे दोन प्रकार असतात. नवख्याने ‘ऑटो’च घ्यावा, कारण त्यात केबल काढली की कॅमेरा नेहमीसारखा कार्डावर फोटो साठवू लागतो. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असा पर्याय शोधत बसावे लागत नाही, पण तिथे दुसरीच मेख आहे: वाय-फाय चालू असेल तर अनेक मॉडेलांची यूएसबी जोडणी चालतच नाही. आदल्या दिवशी फोनवर फोटो पाठवलेले असतात, वाय-फाय तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी केबलवर संशय घेतला जातो.

त्यानंतर ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करावे किंवा जास्तीत जास्त वेळावर न्यावे. कॅमेरा मध्येच झोपला की पुष्कळ सॉफ्टवेअरना ती जोडणी पुन्हा आपोआप उचलता येत नाही.

कार्डाशिवाय शटर उघडू देणारा पर्याय जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात असतो. तो बंद ठेवावा आणि कार्ड घालूनच काम करावे. याविषयी मी थोडा हट्टी आहे. कार्ड नसताना केबल निसटली तर शटर उघडत राहते, आवाज येत राहतो आणि फोटो कुठेच साठत नाही.

घड्याळही पाहून घ्यावे. कॅमेऱ्याची वेळ आणि संगणकाची वेळ यांत फरक असला तर कार्डावरचे आणि संगणकावरचे फोटो नंतर क्रमाने लावताना गोंधळ होतो. ईओएस युटिलिटीत संगणकाची वेळ कॅमेऱ्याला देण्याची सोय आहे.

६. जोडणीचा क्रम

आता केबल. क्रम असा ठेवावा.

पहिल्यांदा संगणक चालू करून पूर्ण जागा होऊ द्यावा. कॅमेरा बंद ठेवून केबल आधी संगणकाला आणि मग कॅमेऱ्याला लावावी. त्यानंतर कॅमेरा चालू करावा आणि दहा सेकंद थांबावे. या दहा सेकंदांत संगणक कॅमेऱ्याची ओळख पटवतो. पहिल्या वेळी ड्रायव्हर बसवायला याहून जास्त वेळ लागू शकतो. मग सॉफ्टवेअर उघडावे आणि त्यातली जोडणीची आज्ञा द्यावी. लाइटरूम क्लासिकमध्ये ती फाइल मेनूखाली ‘टेदर्ड कॅप्चर’ या नावाने असते आणि ती दिल्याशिवाय कॅमेरा जोडलेला असूनही काही घडत नाही. फुकट घाबरणाऱ्यांत या एका कारणाने घाबरणारे बरेच असतात.

मोड डायल कॅमेऱ्यावरच फिरवून ठेवावी. अनेक कॅमेऱ्यांत ती संगणकावरून बदलत नाही, आणि ती ऑटोवर राहिली तर ॲपर्चर व शटरचे आकडे पडद्यावर दिसतात पण हलत नाहीत.

तपासणी: संगणकावरून ॲपर्चर एका पायरीने बदलावे आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तोच आकडा बदलला का, ते पाहावे. मग कॅमेऱ्यावर आयएसओ बदलून संगणकाकडे पाहावे. दोन्ही बाजूंनी बदल दिसला तर जोडणी पक्की. एकाच बाजूने दिसला तर फाइल येतील, पण आज्ञा जाणार नाहीत, आणि पाचवा टप्पा पुन्हा पाहावा लागेल.

७. फोटो कुठे जाणार आणि कोणत्या नावाने

पहिला फोटो काढण्याआधी फोल्डर तयार असावे. सॉफ्टवेअरने सुचवलेले फोल्डर स्वीकारून पुढे जाणाऱ्यांचे फोटो कुठल्या तरी खोल कोपऱ्यात सापडतात किंवा सापडत नाहीत. कॅप्चर वनमध्ये ‘सेशन’ उघडले की फोटो उतरण्यासाठी, निवडलेल्यांसाठी, तयार प्रतींसाठी आणि टाकाऊंसाठी अशी चार फोल्डरे आपोआप बनतात. ही रचना इतकी सोयीची आहे की दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यानेही ती हाताने करून घ्यावी.

फोल्डर संगणकाच्या आतल्या डिस्कवर हवे. क्लाउडशी आपोआप जुळणारे फोल्डर निवडू नये. फाइल उतरते न उतरते तोच जुळवणी करणारा प्रोग्राम ती उचलू पाहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत टेदरिंग मंदावते. काम संपल्यावर फोल्डर तिकडे हलवता येते. जागेचा हिशेब आधी करावा: ३० मेगाबाइटचे ५०० फोटो म्हणजे १५ गिगाबाइट, आणि सोबत जेपेगही घेतले तर त्याहून जास्त.

नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग कामाची खूण, मग चार अंकी क्रमांक ठेवावा. तारीख दिवसापासून सुरू केली तर फाइली नावाने लावताना वेगवेगळ्या महिन्यांचे फोटो एकमेकांत मिसळतात. क्रमांक प्रत्येक सत्रात एकपासून सुरू होतो की पुढे चालू राहतो, हेही सॉफ्टवेअरच्या पर्यायांत पाहून घ्यावे.

साठवणुकीचे ठिकाण हा यातला सर्वांत मोठा निर्णय. बहुतेक कंपन्यांचे सॉफ्टवेअर ‘फक्त संगणक’ आणि ‘संगणक व कार्ड दोन्ही’ असे पर्याय देते, आणि काही कॅमेऱ्यांत तो पर्याय कॅमेऱ्याच्याच मेनूत असतो. नेहमी दोन्ही ठिकाणी साठवावे. वेग कमी पडत असेल तर रॉ कार्डावर ठेवून संगणकावर केवळ जेपेग पाठवण्याची सोय काही कॅमेऱ्यांत आहे. तपासणीसाठी तेवढे पुरते आणि वाट पाहण्याचा त्रास वाचतो.

तपासणी: एक चाचणी फोटो काढावा. फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावाने उतरली का, आणि तीच कार्डावरही आहे का, हे दोन्ही प्रत्यक्ष उघडून पाहावे. दुसरी गोष्ट लोक गृहीत धरतात.

८. लाइव्ह व्ह्यू, फोकस आणि पडदा

फ्लॅशने काम करणाऱ्यांना लाइव्ह व्ह्यू काळाकुट्ट दिसतो. फ्लॅश बिघडलेला नसतो. कॅमेरा, फ्लॅश नसताना फोटो कसा निघेल ते प्रामाणिकपणे दाखवत असतो. कॅननमध्ये ‘एक्सपोजर सिम्युलेशन’ आणि सोनीमध्ये लाइव्ह व्ह्यूतील ‘सेटिंग इफेक्ट’ बंद केला की चौकट उजळ दिसते.

फोकसविषयी एक विचित्र वाटणारी गोष्ट लक्षात ठेवावी. संगणकावरच्या बाणांनी लेन्सचा फोकस पुढे-मागे सरकवायचा असेल तर ईओएस युटिलिटीत लेन्सवरचे बटण ‘एएफ’वरच (आपोआप फोकस) ठेवावे लागते. आपण फोकस हाताने करतो आहोत म्हणून लोक ते ‘एमएफ’वर नेतात आणि बाण दाबत राहतात, पण लेन्सची मोटर बंद असल्यामुळे काहीच हलत नाही. उलट, लेन्सवरचे कडे बोटांनी फिरवून फोकस करायचा असेल तर ‘एमएफ’च योग्य. एएफ चालू असताना संगणकावरून शटरची आज्ञा दिली आणि फोकस लागला नाही, तर पुष्कळ कॅमेरे शटर उघडतच नाहीत. सॉफ्टवेअर मात्र ‘कॅमेरा व्यस्त’ अशासारखा मोघम संदेश देते. स्थिर वस्तूवर एकदा फोकस करून मग तो कुलूपबंद करणे हाच सरळ मार्ग.

ट्रायपॉडवर लेन्समधील किंवा कॅमेऱ्यातील कंपनरोधक बंद करावा. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात आरसा आधी वर नेऊन ठेवावा, आणि शटरचा इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा (इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन) असेल तर तो वापरावा. संगणकावरून शटर उघडण्याचा अर्धा फायदा कॅमेऱ्याला हात न लागण्यात आहे, तो आरशाच्या धक्क्यात घालवू नये.

फोटो उतरल्यावर फोकस नेहमी शंभर टक्के मोठा करून पाहावा. खिडकीत मावेल इतका लहान केलेला फोटो जवळजवळ नेहमीच धारदार दिसतो. उजेडाचा निर्णय पडद्याच्या झगझगाटावरून न घेता हिस्टोग्रामवरून, म्हणजे उजेड-अंधाराची विभागणी दाखवणाऱ्या आलेखावरून, घ्यावा, कारण लॅपटॉपचा उजेड खोलीनुसार आपोआप कमी-जास्त होत असतो. ती सोय कामापुरती बंद ठेवावी.

९. ठरावीक अंतराने फोटो काढताना

उमलणारे फूल किंवा सरकती सावली टिपण्यासाठी संगणकाकडून ठरावीक अंतराने शटर उघडून घेता येते. येथे गणित चुकते. दोन फोटोंमधले अंतर हे एक्सपोजरचा वेळ आणि फाइल उतरण्याचा वेळ यांच्या बेरजेपेक्षा मोठे हवे. समजा एक्सपोजर ८ सेकंदांचे आहे आणि अंतर १० सेकंदांचे ठेवले. हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ शटर मिटून आणखी एक काळी चौकट घेतो. म्हणजे १६ सेकंद झाले, आणि दर दुसरा फोटो निसटला. ती सोय बंद करावी किंवा अंतर २० सेकंदांवर न्यावे. संगणकाला झोपू देऊ नये, आणि आपोआप होणारे अद्यतन त्या रात्रीपुरते थांबवावे.

१०. मध्येच जोडणी तुटली तर

घाबरून शटरचे बटण पुन्हा पुन्हा दाबणे, ही पहिली चूक. आज्ञांची रांग लागते आणि जोडणी परतल्यावर कॅमेरा एकामागून एक फोटो काढत सुटतो. केबल उपसून पुन्हा खोचणे, ही दुसरी. कॅमेरा त्याच क्षणी कार्डावर लिहीत असेल तर ती फाइल खराब होते.

कॅमेऱ्यावरचा कार्डाचा दिवा विझेपर्यंत थांबावे. मग सॉफ्टवेअर पूर्ण बंद करावे, कॅमेरा बंद करावा, केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा नीट बसवावी आणि सहाव्या टप्प्यापासून तोच क्रम पाळावा. तरीही कॅमेरा दिसला नाही तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी संगणकाचे दुसरे पोर्ट, मग दुसरी आणि आखूड केबल, मग भरलेली बॅटरी, मग दुसरे सॉफ्टवेअर. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि जोडणी जमली तर दोषी कोण हे कधीच कळत नाही, आणि तीच सदोष केबल पुढच्या कामाला पुन्हा पिशवीतून निघते.

दर वीस-पंचवीस फोटोंनी जोडणी तुटत असेल तर केबलची लांबी किंवा हब, आणि ठरावीक मिनिटांनी तुटत असेल तर झोपण्याची एखादी सोय, असा अंदाज करावा. तो बहुतेक वेळा खरा ठरतो. तुटण्याच्या काळात कार्डावर राहिलेले फोटो तिथल्या तिथे उतरवू नयेत. काम संपल्यावर ते वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावेत, कारण कार्डावरची नावे आणि संगणकावरची नावे वेगळी असतात आणि घाईत एकच फोटो दोनदा साठतो.

वाय-फायवरून टेदरिंग केबलपेक्षा मंद आणि गर्दीच्या जागी लहरी असते. तिथे केवळ जेपेग पाठवावे आणि रॉ कार्डावर राहू द्यावे.

११. काम आटोपताना

शेवटची फाइल उतरल्याची खात्री करून सॉफ्टवेअर बंद करावे, मग कॅमेरा, आणि त्यानंतर केबल, तीही तारेला धरून न ओढता प्लगला धरून सरळ काढावी. संगणकातल्या फाइलींची संख्या कार्डावरच्या संख्येशी ताडून पाहावी. रॉ आणि जेपेग दोन्ही घेतले असतील तर दोन्हींची संख्या वेगवेगळी मोजावी. आकडे जुळले, दुसऱ्या डिस्कवर प्रत गेली, आणि मधले चार-पाच फोटो तिथून उघडून पाहिले, की मगच कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावे.

शेवटी या कामासाठी बदललेले पर्याय पुन्हा जागच्या जागी आणावेत: ऑटो पॉवर ऑफ, यूएसबीचा प्रकार, साठवण्याचे ठिकाण, वाय-फाय, आणि कंपनरोधक. मी ही यादी एका चिठ्ठीवर लिहून केबलच्या वेढ्यातच गुंडाळून ठेवतो. कंपनरोधक बंद राहिला तर ते कळते दुसऱ्या दिवशी, हातात कॅमेरा धरून काढलेले सगळे फोटो हललेले निघाल्यावर.